एका खोलीतला धंदा

न्यायालयीन चित्रपटाला मोठे भांडवल लागते, असे नाही. सिडनी ल्युमेट यांचा अमेरिकन ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) सुमारे ३ लाख ४० हजार डॉलरमध्ये झाला. खुनाच्या खटल्यातले बारा ज्यूरी आणि बहुतेक कथा एकाच खोलीत. आधी दोन आठवडे तालीम. मग छायाचित्रकार बोरिस कॉफमन एका बाजूला दिवे लावत आणि त्या बाजूची दृश्ये, कथेचा क्रम सोडून, एकदमच उरकली जात. दिवे हलवण्याचे तास वाचले. (हा हिशेब आपल्या कारखानदारांना सांगायला नको!)

एवढे करूनही गल्ला जमला नाही. आमच्या मते खोट मालात नव्हती, विक्रीत होती. लहान थिएटरचा चित्रपट न्यूयॉर्कच्या अवाढव्य थिएटरात लावला गेला. नायक व सहनिर्माते हेन्री फोंडा यांनी नफ्याच्या भरवशावर मागे ठेवलेले मानधन बुडाले.