मोरीतून वाहून जाणारी ऊब

बेळगावची डिसेंबरातली सकाळ तुम्हाला नव्याने सांगायला नको. आमच्या हॉस्टेलात सातनंतर नळाला कोमट पाणीसुद्धा येत नाही. परवा अशीच कुडकुडत अंघोळ उरकत होतो, तेवढ्यात शेजारच्या न्हाणीतून नालीने वाहत आलेलं पाणी पायाला लागलं. ते चक्क गरम होतं!

तेव्हापासून एक हिशोब डोक्यात घोळतोय. १५ लिटरची बादली २० अंशांनी तापवायला सुमारे ०.३५ युनिट वीज लागते. शंभर मुलांची रोजची ३५ युनिटं झाली. त्यातली थोडीच ऊब अंगाला लागते, बाकीची गटारात.

आजी न्हाणीतलं पाणी केळीच्या बुंध्याला सोडायची. पाणी तिने वाया घालवलं नाही, पण ऊब कुणीच अडवली नाही. कॅनडात ती अडवतात. सांडपाण्याच्या उभ्या पाइपाभोवती तांब्याची नळी घट्ट गुंडाळतात. गरम सांडपाणी पाइपाच्या आतल्या बाजूला धरून पातळ थराने उतरतं आणि नळीतलं गार पाणी कोमट होऊन गीझरकडे जातं. दोन्ही पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. व्हँकूव्हरमध्ये तर २०१० पासून एका अख्ख्या वस्तीच्या सांडपाण्यातली उष्णता काढून घरं उबदार ठेवतात.

"आपल्याकडे हे चालणार नाही," रूममेट म्हणाला. "तिकडे शॉवर. आपण आधी बादली भरतो, मग अंघोळ करतो. गरम पाणी वाहतं तेव्हा गार पाणी वाहतच नसतं."

मुद्दा खरा आहे. घरात एकाच बादलीसाठी ही नळी जवळजवळ निरुपयोगी. पण हॉस्टेलात? सकाळी सहाला एकजण बादली भरत असतो, तेव्हा दुसरा तांब्याने ओतत असतो. वरच्या मजल्यांवरचं अंघोळीचं पाणी एकाच उभ्या पाइपातून खाली येतं, संडासाचा पाइप वेगळा. जागा आयतीच आहे.

आपल्या नव्या हॉस्टेलचं बांधकाम आता सुरू होणार. गच्चीवर सोलर बसेलच, पण आपल्या पावसाळ्यात तो किती साथ देतो ते आपण जाणतो. मोरीतली ऊब ढगाळ दिवशीही असते. एकदा पाइप भिंतीत गेले की मग कोण फोडणार? तांबं महाग आहे, मान्य. म्हणून निदान एका पाइपाला ही नळी लावून पाहा, असं आपण सगळ्यांनी मिळून वॉर्डनसरांना लिहून देऊया.

मी उशिरा उठतो, माझं सोडा. पण सातनंतरच मेसच्या मावशी त्या गारठ्यात आपली ताटं घासतात.