भूमिपुत्रांतले सावत्र

'भूमिपुत्र' या शब्दाची धग महाराष्ट्रात आम्ही चांगलीच सोसली आहे. मलेशियात हाच शब्द 'बुमीपुत्रा' होऊन राज्यकारभारात बसला आहे. मग त्या भूमीचे पहिले पुत्र कुठे आहेत?

मलाया द्वीपकल्पातील ओरांग अस्ली, म्हणजे 'मूळ माणसे', यांच्या अठरा जमाती. राज्यघटनेच्या कलम १५३ ने मलयांना आणि सबाह-सारावाकच्या मूळनिवासींना खास स्थान दिले. ओरांग अस्लींचे नाव त्यात नाही. १९५४ च्या कायद्याने तर त्यांना स्वतःच्याच जमिनीवर मर्जीने राहणारे कूळ ठरवले. १९९५ मध्ये सेलांगोरमध्ये विमानतळाच्या महामार्गासाठी तेमुआन जमातीची जमीन गेली. भरपाई घरांची, झाडांची, पिकांची मिळाली, जमिनीची नाही. तो हक्क मान्य व्हायला २००२ चा न्यायालयीन निकाल लागला.

कलम १६० नुसार मलय कोण? जो इस्लाम मानतो, मलय भाषा बोलतो, मलय रीतिरिवाज पाळतो. आमचा आक्षेप इथेच आहे. ज्या दीनने अरब-अजम भेद मोडला, त्याचाच जातीचा दाखला कसा होतो?

मलय गरीब होते, त्यांना आधार हवा होता, असे म्हटले जाईल. मान्य! पण त्याहून दुबळ्याला दाराबाहेर ठेवणाऱ्या आधाराला न्याय कसे म्हणावे?

इथे अल्पसंख्य म्हणून आम्ही न्याय मागतो. तिथे सत्ता मुसलमानांची आहे म्हणून गप्प बसलो, तर उद्या आमच्या मागणीवर कोणी का विश्वास ठेवावा?