अब्दाली आमचा कोण?

पाकिस्तानने क्षेपणास्त्राला ‘अब्दाली’ नाव दिले, आणि इथे आम्हालाच विचारतात, हा तुमचा कोण? ऐका. अब्दाली हे मुळात एका पठाण टोळीचे नाव. सूफी परंपरेत ‘अब्दाल’ म्हणजे अल्लाहचे वली. अहमदशाहने १७४७ मध्ये गादीवर बसून ‘दुर्र-ए-दुर्रान’, मोत्यांतला मोती, अशी पदवी घेतली. टोळी दुर्रानी झाली. या मोत्याने लाहोरवर स्वाऱ्या केल्या, तेव्हा तिथले सुभेदार मुसलमानच होते. तेच लाहोर आज पाकिस्तानात आहे, आणि क्षेपणास्त्रावर नाव लुटारूचे! १७६१ मध्ये पानिपतावर मराठ्यांच्या तोफा चालवणाऱ्या इब्राहिमखान गारद्याला याच अब्दालीच्या छावणीत कैदेत ठार मारले. आमचा कोण हे विचारायचेच असेल, तर इब्राहिमखानाचे नाव घेऊन विचारा.