रंग घोटा, पण बेतानं!

खरं सांगा, तुमच्याही कपाटात तो पत्र्याचा डबा पडलाय ना? छत्तीस नाहीतर अठ्ठेचाळीस रंगीत पेन्सिलींचा? जोहाना बॅसफर्डचं ‘सिक्रेट गार्डन’ 2013 मध्ये आलं आणि मोठ्या माणसांनी रंगवायच्या पुस्तकांची जी लाट आली, तिच्यात घेतलेला. किंवा 2020 च्या लॉकडाऊनमध्ये ‘आता काहीतरी क्रिएटिव्ह करूच’ म्हणून मागवलेला. दोन फुलं रंगवली, तिसरं खडबडीत दिसलं आणि डबा बंद! यूट्यूबवर त्याच पेन्सिलींनी काढलेलं सफरचंद खाऊन टाकावंसं वाटतं, आणि आपलं मात्र चौथीतल्या पोराच्या चित्रकलेच्या वहीतलं. असं का होतं बॉस?

मीही याच डब्यातली. पण यंदा आजीची पंच्याहत्तरी होती आणि मी घरी जाहीर करून बसले होते की आजीचं चित्र मीच काढणार. तेव्हा कुठे या ब्लेंडिंगच्या भानगडीत शिरले. त्यात एक मोठी चूक केली आणि एक चांगला धडा शिकले. दोन्ही तुमच्यासाठी.

आधी थोडं सायन्स

रंगीत पेन्सिल म्हणजे रंगाची पूड आणि ती धरून ठेवणारं मेण किंवा तेल. प्रिझ्माकलर प्रीमियर मेणाची, मऊसूत. फेबर-कॅसलची पॉलिक्रोमॉस तेलाची, जरा कडक. ती तर 1908 पासून बाजारात आहे. कागदाला डोळ्यांना न दिसणारे उंचवटे आणि खड्डे असतात. पेन्सिल उंचवट्यांवर घासते, खड्डे पांढरेच राहतात. आपल्याला दिसतो तो खडबडीतपणा म्हणजे हे पांढरे ठिपके. ब्लेंडिंग म्हणजे काय, तर तो रंग खड्ड्यांत उतरवायचा. एक तर दाबून, नाहीतर मेण विरघळवून. बस्स, एवढीच थिअरी.

कोरडी मंडळी

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे धीर. हलक्या हातानं एकावर एक पाच-सहा थर द्या, दर वेळी दिशा बदला. अर्धं काम तिथेच होतं. मग येते बिनरंगी ब्लेंडर पेन्सिल. म्हणजे नुसतं मेण, रंग नाहीच. प्रिझ्माकलर, लायरा, कॅरन दाश, डरवेंट सगळ्यांची मिळते. ती नसेल तर पांढरी किंवा फिकट रंगाची पेन्सिल जोरात दाबून फिरवा. यालाच म्हणतात बर्निशिंग. आपल्याकडे लघुचित्रं अकीकाच्या दगडानं घोटायचे, त्याचीच ही लांबची बहीण म्हणा ना! चकाकी मस्त येते. फक्त एक लोचा आहे : एकदा घोटलं की कागदाचे खड्डे भरले, वरती नवा रंग धरतच नाही. म्हणून बर्निशिंग नेहमी शेवटी.

कागदाची गुंडाळी असते ना, पेपर स्टंप, ती कोळशाच्या चित्राला भारी. मेणाच्या रंगावर कोरडी फिरवली तर फारसं काही हलत नाही. तीच द्रावणात किंचित बुडवली की कामाला लागते.

ओली मंडळी

इथे खरी जादू आहे, आणि खरा धोकाही. चित्रकारांचं ‘ओडरलेस मिनरल स्पिरिट’, म्हणजे बिनवासाचं पेट्रोलियम द्रावण, हे यातलं सर्वांत आवडतं. छोट्या सिंथेटिक ब्रशला थेंबभर घ्यायचं, टिश्यूवर टिपायचं आणि फिकट भागाकडून गडद भागाकडे जायचं. मेण सुटतं, रंग खड्ड्यांत वाहतो, पांढरे ठिपके गायब! वाळलं की वर पुन्हा थर देता येतात. मात्र खाली तीन-चार थर आधीच हवेत. रंगच नसेल तर वाहणार काय?

टर्पेंटाइन हेच काम करतं. पण ते चीडच्या राळेपासून काढलेलं, वास डोक्यात जाणारा. शिवाय त्याची वाफ साधारण 35 अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, म्हणजे एप्रिलच्या दुपारी आपली खोली असते तेवढ्यात. उदबत्ती, सिगरेट, गॅस सगळं लांब. मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल पटकन उडून जातं आणि मेणावर त्याचा जोर कमी, त्यामुळे हलक्या कामाला ठीक. बेबी ऑइल स्वस्त, पण ते उडतच नाही. जास्त झालं की कागदावर भज्यांच्या पुडीसारखा डाग. खोबरेल तेलाचा प्रयोग मी केलाय, तुम्ही करू नका. आणि हार्डवेअरच्या दुकानातला थिनर किंवा नेलपेंट रिमूव्हर? अजिबात नाही.

कागदही तसाच हवा. प्रिंटरचा कागद द्रावणानं आरपार ओला होतो. जाड, 200-300 जीएसएमचा घ्या.

आणि ती चूक

रात्रीचे अकरा वाजलेले, एसी चालू, खिडक्या बंद, टेबलावर उघडी टर्पेंटाइनची वाटी. मी आजीच्या पदराची हिरवी छटा जुळवण्यात गुंग. माझ्या रूममेटला दमा आहे, हे मला चांगलं माहीत होतं. ती दोनदा म्हणाली, ‘अगं, वास येतोय.’ मी म्हटलं, ‘दहा मिनिटं फक्त!’ ती दहा मिनिटं माझी होती, श्वास मात्र तिचा होता. थोड्या वेळानं आतल्या खोलीतून तिच्या खोकण्याचा आवाज आला, मग धाप, मग पंप शोधण्याची धावपळ. खिडक्या उघडल्या, तिला गच्चीवर नेलं. अर्ध्या तासानं ती सावरली. ती काही बोलली नाही, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी मी बिनवासाचं द्रावण मागवायला निघाले होते. बरं झालं, आधी वाचलं. वास नाही म्हणजे वाफ नाही, असं नसतं! उलट नाकाला कळत नाही म्हणून आपण बेफिकीर राहतो. म्हणून आमच्या घरात आता ओलं ब्लेंडिंग बंद. तुमच्या घरी दमेकरी, लहान बाळ किंवा गरोदर बाई असेल तर तुम्हीही कोरड्यावरच राहा.

आजीचा निकाल

मग मी सगळं चित्र पांढऱ्या पेन्सिलीनं घोटलं. गाल असे गुळगुळीत झाले की बास! आईला दाखवलं. ती बराच वेळ बघून म्हणाली, ‘छान आहे गं. पण ही कोण?’

ब्लेंडिंगनं सुरकुत्या पुसल्या होत्या, आणि आजी त्या सुरकुत्यांमध्येच होती. पुन्हा नवा कागद घेतला. या वेळी घोटलं फक्त साडीचे काठ आणि नथीचे मोती. चेहऱ्यावर नुसते थर. कागदाचा खडबडीतपणा तसाच ठेवला. कोल्हापूरला आजीनं चष्मा लावून चित्र जवळ घेतलं आणि म्हणाली, ‘कपाळावरची आठी बरोबर काढलीस हो!’ आणखी काय पाहिजे?

तेव्हा या वीकेंडला तो डबा बाहेर काढा. पण ब्रश बुडवायच्या आधी खिडकी उघडा आणि शेजारच्या खोलीत कोण आहे ते बघा.

पटकन लक्षात ठेवा

- द्रावण झाकणाच्या काचेच्या छोट्या बाटलीत. थर्माकोलचा कप विरघळतो, आणि चहाचा कप तर नकोच. ब्रश चुकून चहात जातो, नाहीतर घोट चुकून टर्पेंटाइनचा!
- वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. रंग खाली बसू द्या, वरचं स्वच्छ पुन्हा वापरा.
- मेणाच्या पेन्सिलीवर काही दिवसांनी पांढुरकी साय आली तर घाबरू नका. मेण वर आलंय. मऊ कापडानं हलकेच पुसा.
- नवीन कुठलीही गोष्ट आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर करून बघा. आजीवर नाही!