कमळाची स्तुती आणि चिखलाचा आरोप



परीक्षांचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांतून गुणगौरवाचे समारंभ होतात. विहारासमोर मांडव पडतो, आपल्या मुलामुलींच्या गळ्यात हार पडतात, आणि व्यासपीठावरचे कोणी प्रतिष्ठित पाहुणे मोठ्या कौतुकाने सांगतात की, चिखलातही कमळ उगवते हे या मुलीने सिद्ध केले. टाळ्या होतात. टाळ्या वाजविणारांत त्या मुलीची आईही असते. दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करून तिने त्या मुलीची फी भरलेली असते. आपणास चिखल म्हटले गेले हे तिच्या ध्यानात येत नाही; आणि ज्यांच्या ध्यानात येते ते पाहुण्यांचा मान राखावा म्हणून गप्प बसतात.

या वाक्याचा अर्थ नीट तपासून पाहा. मुलगी कमळ, तर चिखल कोण? तिचे आईबाप, तिचे गणगोत, तिची सारी वस्ती! एका मुलीची स्तुती करता करता वक्त्याने शेकडो माणसांवर आरोप ठेवला आणि आरोपींकडूनच त्यावर टाळ्या मिळविल्या. सवर्ण म्हणविणाऱ्या घरातला मुलगा पहिला आला तर त्याला कोणी चिखलातील कमळ म्हणत नाही. तेथे 'घराण्याचे संस्कार' हा शब्द वापरला जातो. तेथे यशाचे श्रेय घराण्याला, आणि येथे यश मिळाले ते घराणे असूनही! हा कोठला न्याय?

वक्त्याचा हेतू वाईटच असतो असे मी म्हणत नाही. अशा वाक्यावरून फिर्याद होत नाही, आणि ती करा असा सल्ला मी वकील असूनही कोणास देणार नाही. परंतु जे कायद्याने गुन्हा ठरत नाही ते निमूटपणे ऐकून घेतलेच पाहिजे, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे? शिवाय असे बोलणारे आवर्जून जोडून देतात की, कमळ हे तुमच्या बुद्धाचेच फूल आहे. म्हणजे आपल्याविरुद्ध साक्षीला त्यांनी बुद्धालाच उभे केले आहे. तेव्हा बुद्ध काय सांगतो ते आपण स्वतः पाहिले पाहिजे.

पाली ग्रंथांत बुद्धाने कमळाचा दृष्टान्त अनेकदा दिला आहे. बोधिप्राप्तीनंतर, हा गहन धम्म लोकांस सांगावा की न सांगावा अशा विचारात असता त्याने जगाकडे पाहिले, आणि त्याला जग एखाद्या कमळांच्या तळ्यासारखे दिसले. निळी, तांबडी, पांढरी कमळे. काही अजून पाण्याखालीच आहेत, काही पाण्याच्या पातळीपर्यंत आली आहेत, काही पाण्यावर उभी आहेत आणि त्यांना पाणी लागत नाही. माणसेही अशीच, कोणाच्या डोळ्यांत धूळ फार, कोणाच्या थोडी. या तळ्याकडे पुन्हा एकदा पाहा. जे पाण्याखाली आहे ते आणि जे पाण्यावर आले ते, दोन्हीही कमळच आहेत. एकाला चिखल आणि दुसऱ्याला कमळ असे बुद्धाने म्हटलेले नाही. सर्व एकाच पाण्यात जन्मली, एकाच पाण्यात वाढली. भेद आहे तो आज कोण कोठवर आले एवढाच, आणि तो कायमचा नाही. याच दर्शनानंतर त्याने धम्म सांगण्याचा निश्चय केला.

दुसरा प्रसंग द्रोण ब्राह्मणाचा. रस्त्यात बुद्धाच्या पावलांचे ठसे पाहून तो चकित झाला, आणि आपण देव की गंधर्व, यक्ष की मनुष्य, असे त्याने विचारले. बुद्धाने चारीही नाकारले, आणि पाण्यात जन्मून पाण्याने न लिंपणाऱ्या कमळाप्रमाणे आपण जगात जन्मून, जगात वाढून जगाने लिप्त होत नाही, म्हणून आपणास बुद्ध समजावे, असे उत्तर दिले. येथेही शब्द पाण्याचा आहे, चिखलाचा नाही. आणि पाणी म्हणजे कोणाची जात नव्हे, कोणाची वस्ती नव्हे. पाणी म्हणजे ज्यात राजा आणि भिकारी दोघेही बुडतात ती तृष्णा, तो लोभ, तो द्वेष.

तिसरा प्रसंग आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुण ब्राह्मणांत वाद लागला: ब्राह्मण जन्माने होतो की आचरणाने? निर्णयासाठी ते बुद्धाकडे गेले. बुद्धाने त्यांना गवत, झाडे, किडे, चतुष्पाद, साप, मासे, पक्षी यांची उदाहरणे दिली. त्यांच्यांत जातीची वेगवेगळी चिन्हे शरीरावरच दिसतात. माणसामाणसांत तशी चिन्हे नाहीत. जो शेतीवर जगतो तो शेतकरी, जो व्यापारावर जगतो तो व्यापारी. हे नाव धंद्याने पडते, जन्माने नव्हे. आणि मग खरा ब्राह्मण कोण हे सांगताना दृष्टान्त आला तो कमळाच्या पानावरच्या पाण्याच्या थेंबाचा. थेंब जसा पानाला चिकटत नाही तशी ज्याला वासना चिकटत नाही, तो ब्राह्मण. हीच गाथा धम्मपदाच्या ब्राह्मणवग्गातही आली आहे. जन्माने माणूस श्रेष्ठ ठरतो या दाव्याचा निकाल देताना ज्या न्यायासनाने कमळाचा दाखला दिला, त्याच कमळाचा दाखला देऊन आज कोणी आपला जन्म हीन ठरवितो! साक्षीदाराच्या तोंडी त्याने न बोललेले शब्द घालणे, ते याहून वेगळे काय असते?

प्रतिपक्षाचा पुरावा दडवावयाचा नाही. धम्मपदाच्या पुप्फवग्गात उकिरड्यावर उगवलेल्या सुगंधी कमळाचा दृष्टान्त आहे, आणि आपले विरोधक तोच पुढे करतील. खुशाल करू द्या. तेथे उकिरडा कोणाला म्हटले आहे? अज्ञानाने आंधळ्या झालेल्या सामान्य जनांना. त्यांत शोभून दिसतो तो प्रज्ञेने उजळलेला बुद्धाचा श्रावक. कुळाचा त्यात उल्लेख नाही, गोत्राचा नाही, मोहल्ल्याचा नाही. जो माणसाची किंमत त्याच्या जन्मावरून करतो त्याच्याइतका आंधळा दुसरा कोण? म्हणजे त्या दृष्टान्तातला उकिरडा व्यासपीठाखाली बसलेल्या आईत शोधण्याचे कारण नाही. तो व्यासपीठावरही सापडू शकेल.

आणखी एक आक्षेप येतो. कमळाच्या पानाचा हा दृष्टान्त भगवद्गीतेतही आहे, मग त्यात बौद्धांचे विशेष ते काय? होय, गीतेच्या पाचव्या अध्यायात तो आहे. दृष्टान्तावर कोणाची मालकी नसते. प्रश्न असा की तो कशाच्या समर्थनासाठी वापरला? त्याच गीतेच्या अठराव्या अध्यायात चार वर्णांची कर्मे वाटून दिली आहेत, आणि शूद्राच्या वाट्याला सेवा आली आहे. म्हणजे वाट्याला आलेले काम करीत राहा आणि कमळाच्या पानाप्रमाणे अलिप्त राहा. वासेट्ठ-सुत्तातले पान मात्र ती वाटणीच नाकारते. दोन्ही ठिकाणी पान कोरडेच राहते. पण एका ठिकाणी शूद्र शूद्रच राहतो.

सुनीत थेराची गोष्ट आपल्या मुलांना सांगा. थेरगाथेत त्याने आपली हकीकत स्वतः सांगितली आहे. हीन मानलेल्या कुळात जन्म, घरी दारिद्र्य, आणि काम वाळलेली फुले उचलून टाकण्याचे. ज्या फुलांनी दुसऱ्यांनी पूजा केली ती कोमेजली की तिचा कचरा सुनीताच्या कावडीत. मगधाच्या नगरीत भिक्षुसंघासह येणारा बुद्ध दिसताच त्याने कावड खाली टाकली आणि वंदन केले. बुद्ध त्याच्यासाठी थांबला. त्याने प्रव्रज्या मागितली, आणि बुद्धाने त्याला 'ये' म्हटले. पुढे तो अर्हत झाला तेव्हा इंद्र आणि ब्रह्मा त्याला हात जोडावयास आले, अशी कथा आहे. देवांचे काय ते सोडून द्या, पण सुनीताची भाषा लक्षात घ्या. आपले कुळ आणि आपले काम त्याने लपविले नाही, आणि आपल्या मागे राहिलेल्या माणसांना त्याने चिखलही म्हटले नाही.

आता याच्या नेमका उलट असलेला दुसरा डाव पाहा. काही लोक आपल्याला सांगतात की, तुम्ही बौद्ध झालात, तुमच्यात जात उरली नाही, तुम्ही आता कमळाप्रमाणे निर्लेप. मग सवलती कशाला मागता? हा युक्तिवाद गोड आहे आणि तो दीर्घकाळ कायद्यातच बसला होता. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने हा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शिखांचा समावेश झाला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपूरला बाबासाहेबांनी लाखो अनुयायांसह धम्मदीक्षा घेतली आणि दिली. परंतु त्या आदेशात बौद्धांचे नाव येण्यास १९९० साल उजाडले. चौतीस वर्षे! गावच्या विहिरीवर, चहाच्या कपात, भाड्याच्या खोलीसाठी घरमालकाच्या दारात ज्याला पूर्वीचीच वागणूक मिळत होती, त्याला केंद्राचा कायदा सांगत होता की तू धर्म बदललास, तेव्हा तुझे दुःख संपले.

यात तर्काची चूक कोठे आहे? पान कोरडे राहते हा पानाचा गुण आहे. तळे आटले असा त्याचा अर्थ होत नाही. आपण आपल्या मनातून जात काढून टाकली म्हणून शेजाऱ्याच्या मनातली जात निघून जात नाही. घटनेचे सतरावे कलम आणि १९८९ चा अत्याचार-प्रतिबंधक कायदा तळ्यातल्या पाण्यासाठी आहेत. ते पानाच्या दुबळेपणाची कबुली नव्हेत. तेव्हा सवलतीचा अर्ज भरताना मान खाली घालू नका, आणि 'बौद्ध असून जातीचा दाखला कसा काय मागता?' असे कार्यालयातल्या कोणी खोचकपणे विचारले तर त्याला १९९० ची दुरुस्ती सांगा.

बाहेरच्यांना बोललो, आता घरच्यांना बोलतो. आपल्यातला एखादा शिकतो, नोकरीला लागतो, शहरात सदनिका घेतो, आणि मुलांना सांगतो की आपण त्या चिखलातून वर आलो. मग वस्तीतल्या लग्नाला जायला त्याला वेळ नसतो, आणि जयंतीची वर्गणी मागावयास आलेल्यांना दारातूनच वाटेला लावले जाते. पाहुण्याने केलेला आरोप याने न मागता कबूल केला आहे! १९५६ च्या मार्चमध्ये आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांविषयीची आपली निराशा बोलून दाखविली होती, ती याच वृत्तीविषयी. पाण्यावर आलेल्या कमळाने पाण्याखालच्या कळीला चिखल म्हणावे, असे त्या तळ्याच्या दृष्टान्तात कोठेही नाही.

राहिला प्रश्न घरातल्या कमळाचा. नुकतीच दीक्षा घेतलेल्या घरांत तो हटकून निघतो. कोणी म्हणते, कमळ लक्ष्मीचे, ते घरात नको. कोणी म्हणते, कमळ आपलेही आहे, मग लक्ष्मीची तसबीर राहिली तर काय बिघडले? दोघेही चुकतात. विष्णूच्या नाभीतून कमळ निघते आणि त्यातून ब्रह्मा जन्मतो, ती कथा उत्पत्तीची आहे. तिचा स्वीकार बावीस प्रतिज्ञांत बसत नाही, आणि लक्ष्मीच्या तसबिरीचेही तेच. तसबीर काढा. फुलाने मात्र कोणाचे काही घेतलेले नाही. सांचीच्या जुन्या शिल्पांत बुद्धाची मानवाकृती नाही. बोधिवृक्ष आहे, चक्र आहे, रिकामे आसन आहे, आणि जागोजाग कमळे कोरली आहेत. आपल्या महाराष्ट्रात अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणी हातात निळे कमळ घेऊन उभा आहे. मुलांना सहलीला न्याल तेव्हा त्याच्यापुढे थोडे थांबा. सारनाथच्या सिंहांखालीही घंटेच्या आकाराचे उलटे कमळ होते. १९५० साली राजमुद्रा स्वीकारताना सिंह आणि चक्र घेतले, ते कमळ तेवढे वगळले. (एका राजकीय पक्षाचे निवडणूक-चिन्ह म्हणून जे कमळ आज दिसते त्याचा येथे काही संबंध नाही, मत कोणास द्यावे हे ज्याचे त्याने ठरवावे.)

बुद्धमूर्तीपुढे आपण फूल ठेवतो ते कोणाला प्रसन्न करण्यासाठी नव्हे. फूल वाहताना जी गाथा आपण म्हणतो तिचा अर्थ एवढाच की, हे फूल जसे कोमेजते तसे हे शरीरही जाणार आहे. मग कोमेजणारे फूल कमळच असले पाहिजे असे नाही. वैशाख पौर्णिमेला बाजारात कमळाचा भाव चढतो, आणि बुद्धाला कमळच लागते असे समजून आपल्या बायाबापड्या हातावरचे पैसे मोजून ते आणतात. बुद्धाला काही लागत नाही. दारातल्या डब्यात लावलेली सदाफुली वाहा; आणि कमळाला मोजले असते ते पैसे शेजारच्या घरातल्या मुलीच्या वहीसाठी द्या.