एकचक्रेची पाळी

बकासुराच्या गोष्टीतला गाडाभर भात आपल्या सगळ्यांच्या लक्षात असतो. भीमाने तो राक्षसाच्या देखत खाल्ला, पाठीत बुक्के बसत असताना खाल्ला, हे सांगताना आजीलाही हसू आवरायचं नाही. पण महाभारतात या प्रसंगाची मोठी जागा एका घरातल्या रडण्याने व्यापली आहे. एकचक्रा नगरीत त्या घराची पाळी आलेली असते. राक्षसाचं वेतन ठरलेलं : गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस. बाप म्हणतो मी जातो, आई म्हणते मी जाते, मुलगी म्हणते मला पाठवा. बोबडं बोलणारं धाकटं पोर गवताची काडी उचलून म्हणतं, हिनं मारतो मी त्याला. त्या राज्याला राजा आहे, पण तो काही करत नाही. उलट राक्षसामुळेच शत्रूचं भय उरलेलं नाही. आणि एकेका घराची पाळी फार वर्षांनी येते, म्हणून बाकीची घरं गप्प आहेत.

हा प्रसंग मी पुन्हा उघडला तो एका अमेरिकन कादंबरीमुळे. सुझान कॉलिन्स यांची ‘द हंगर गेम्स’ २००८ साली आली, किशोरवयीन वाचकांसाठी. माझ्याकडे ती भाचीच्या दप्तरातून आली आणि मी तिच्या प्रेमात पडलो. पन्नाशी उलटल्यावर एखाद्या पुस्तकासाठी रात्र जागवावी, त्यातल्या पोरीचं पुढे काय होणार म्हणून जीव टांगणीला लागावा, संपल्याबरोबर पुन्हा पहिलं पान उघडावं, असं क्वचित होतं. या वर्षीचं संपादकीय त्या पुस्तकाबद्दल आहे. हिंगोलीच्या दिवाळी अंकात त्याचं काय काम, हे पुढे येईलच.

पानेम हा उद्याचा देश. मध्ये श्रीमंत राजधानी, भोवती बारा जिल्हे. कधीकाळी केलेल्या बंडाची शिक्षा म्हणून दरवर्षी प्रत्येक जिल्ह्यातून एक मुलगा आणि एक मुलगी चिठ्ठी काढून निवडायची. या चोवीस पोरांनी एकमेकांना मारायचं, शेवटी उरेल ते जिंकलं, आणि साऱ्या देशाने ते टीव्हीवर बघायचं. कोळशाच्या बाराव्या जिल्ह्यातली कॅटनिस सोळा वर्षांची आहे. बाप खाणीतल्या स्फोटात गेलेला. चिठ्ठी निघते तिच्या धाकट्या बहिणीची, तेव्हा ती पुढे होते आणि म्हणते, मी जाते. टीव्हीचे चॅनेल बदलताना एकीकडे स्पर्धेचा कार्यक्रम आणि दुसरीकडे इराक युद्धाची दृश्यं दिसली, त्यातून ही कल्पना सुचली, असं कॉलिन्स यांनी सांगितलं आहे. लहानपणी वाचलेली ग्रीक पुराणातली थिसियसची कथाही मनात होती. अथेन्सची मुलं-मुली क्रीटच्या राक्षसाला धाडावी लागत, ती कथा. आपल्याकडे तीच वेदना एकचक्रेच्या त्या घरात आहे. तिथे निदान भीम मुक्कामाला होता. कॅटनिसच्या घरात कुणी नाही.

मला या कादंबरीने धरलं ते मारामारीने नव्हे. धरलं ते चिठ्ठ्यांच्या हिशोबाने. बाराव्या वर्षी मुलाची एक चिठ्ठी पडते, मग दरवर्षी एकेक वाढत अठराव्या वर्षापर्यंत. पण घरात दाणा नसेल तर जास्तीची चिठ्ठी टाकता येते आणि तिच्या बदल्यात एका माणसाचं वर्षाचं धान्य आणि तेल मिळतं, तेही जेमतेम. घरातल्या प्रत्येक तोंडासाठी अशी एकेक चिठ्ठी घेता येते, आणि आधीच्या वर्षांच्या चिठ्ठ्या भांड्यातच राहतात. म्हणून सोळाव्या वर्षी कॅटनिसच्या नावाच्या वीस चिठ्ठ्या आहेत आणि तिचा मित्र गेल याच्या बेचाळीस. कायदा सगळ्यांना सारखा, चिठ्ठी आंधळी, आणि तरी मरायला जातं ते बहुतेक उपाशी घरातलंच पोर. एवढ्या एका कलमात लेखिकेने गरिबीचं अख्खं अर्थशास्त्र बसवलं आहे. आपल्याकडे ऊसतोडीला जाणारं कुटुंब मुकादमाकडून उचल घेतं तेव्हा हेच घडतं. आज घरात पैसा येतो आणि येणारा सगळा हंगाम, पाठीचा कणा, पोरांची शाळा गहाण पडते. २०२३ च्या नोव्हेंबरात सेनगाव तालुक्यातल्या गोरेगावच्या शेतकऱ्यांनी कर्ज फेडण्यासाठी आमचे अवयव विकत घ्या, असं सरकारला लिहिलं आणि किडनी, यकृत, डोळे यांचे भावही सोबत लिहून दिले. त्या बातमीनंतर ही कादंबरी वाचणाऱ्या आपल्याकडच्या मुलाला पानेम हा दूरचा देश वाटत नाही.

अकरावा जिल्हा शेतीचा. तिथली रू बारा वर्षांची, चोवीसांत सर्वांत लहान. ती कॅटनिसला सांगते की सुगीत शाळा नसते, सगळी पोरं शेतावर असतात, आणि पिकातलं काही तोंडात टाकलं तर फटके बसतात. जो जिल्हा सगळ्यांना खायला घालतो तोच अर्धपोटी. हळद, सोयाबीन आणि तुरीच्या आपल्या हिंगोली जिल्ह्यात त्या पानाला टिपणी लागत नाही. रू मरते तेव्हा कॅटनिस तिला फुलांनी सजवते. मग अकरावा जिल्हा आपल्या तुटपुंज्या कमाईतून या परजिल्ह्यातल्या मुलीसाठी एक पाव पाठवतो. मी तिथे रडलो.

‘एवढ्या कोवळ्या वयात एवढं काळं कशाला वाचायचं?’ हा प्रश्न मला पालकांनी विचारला आहे, शिक्षकांनीही. त्यांच्यासाठी मी कुरुंद्याकडे बोट दाखवतो. वसमत तालुक्यातलं हे गाव समीक्षक नरहर कुरुंदकरांचं. १५ जुलै १९३२ ला ते जन्मले. निजामाच्या ज्या राज्यात ते वाढले तिथे साधी सभा घ्यायची तरी परवानगी लागे. गश्ती निशान ५३ हे त्या हुकमाचं नाव आपल्या आजोबांच्या पिढीला तोंडपाठ होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली तेव्हा कुरुंदकर सोळा वर्षांचे होते, कॅटनिसच्याच वयाचे. ज्यांच्या नावाने वसमतला महाविद्यालय उभं आहे ते हुतात्मा बहिर्जी निजामाविरुद्धच्या लढ्यातले. या मातीतल्या तरुणांनी काळं वाचलं नव्हतं, ते त्यात जगले होते. आणि मोठेपणी याच कुरुंदकरांनी ‘धार आणि काठ’ लिहून मराठी कादंबरीचा मागोवा घेतला. कादंबरी ही काही फावल्या वेळाची चैन नाही, एवढं तरी त्यावरून कळावं.

या मालिकेतली तिसरी कादंबरी, ‘मॉकिंगजे’, मला सर्वांत धाडसी वाटते. बंड जिंकतं, आणि बंडाची नेता सुचवते की आता राजधानीतल्या मुलांचा असाच एक खेळ होऊ द्या. कॅटनिसचा बाण मग कुणाकडे वळतो, ते वाचकाने स्वतः वाचावं. मराठवाड्याच्या माणसाला इथे थांबावंच लागतं. आपला मुक्तिसंग्राम न्याय्य होता, आणि १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर आपल्याच गावांतल्या निरपराध मुसलमानांवर जे बेतलं तेही खरं होतं. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने ते नोंदवलं आणि तो अहवाल कित्येक वर्षं लोकांसमोर आला नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला हे दोन्ही एकत्र धरता येतं. मी अशा मुलांशी बोललो आहे, त्यांना येतं. धड्यापेक्षा गोष्टीतून लवकर येतं. आणि ही गोष्ट पुस्तकातच राहत नाही : २०१४ साली थायलंडमध्ये लष्कराने सत्ता घेतली तेव्हा आणि २०२१ साली म्यानमारमध्ये पुन्हा, रस्त्यावर उतरलेल्या तरुणांनी याच कादंबरीतली तीन बोटांची सलामी दिली.

आपली मुलं कशात वाढताहेत तेही बघा. दहावी झाली की हिंगोली, कळमनुरी, सेनगावची पोरं नांदेडला नाहीतर लातूरला क्लाससाठी जातात. चाचणीच्या गुणांवर तिथे तुकडी ठरते आणि तुकडीवर पोरांची किंमत. जिथे एकाची जागा म्हणजे दुसऱ्याची हार, तिथे वावरणाऱ्या मुलीला कॅटनिस जवळची वाटली तर तिचं काही बिघडलेलं नाही. तिला तिच्या प्रश्नाचं पुस्तक सापडलं आहे. पाळी कुणी ठरवली, आणि बाकीची घरं गप्प का?

माझी खंत मराठीची आहे. लहानांसाठी बालभारतीचा ‘किशोर’ १९७१ पासून निघतो आहे, भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आहे. मोठ्यांसाठी तर दिवाळी अंकांची रासच असते. मधल्या, बारा ते अठराच्या वाचकाला आपण इंग्रजीच्या दारात नेऊन सोडतो. जयंत नारळीकरांनी ‘वामन परत न आला’ लिहून वाट दाखवली होती. यंत्रांवर सगळं सोपवलेल्या संस्कृतीचं काय होतं, हे त्यांनी सोप्या मराठीत सांगितलं. २० मे २०२५ ला ते गेले. त्यांच्या वाटेने चालणारे फार थोडे आहेत. आणि इकडे औंढ्याजवळ दुधाळ्याच्या शिवारात गुरुत्वीय लहरी टिपणारी, चार-चार किलोमीटरच्या दोन बाहूंची लायगो-इंडिया प्रयोगशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्राने तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. उद्याचं यंत्र आपल्या शिवारात येतं आहे, तर उद्याची गोष्टही इथल्या पोरांनी सांगावी, असं मला मनापासून वाटतं.

म्हणून या अंकाचा शेवटचा विभाग आम्ही बारा ते अठरा वयाच्या लेखकांना दिला. अट एकच होती : आपलं गाव, पन्नास वर्षांनंतर. आलेल्या कथांत पाणी सर्वांत जास्त आहे. नववीतल्या एका मुलीच्या कथेत कयाधू नदीचं पाणी परीक्षेच्या गुणांवर वाटलं जातं. ज्या घरातलं पोर नापास, त्या घराचा नळ बंद. मग अख्खा वर्ग ठरवून एकसारखी उत्तरं लिहितो, सगळ्यांना सारखे गुण पडतात, आणि कचेरीतून नवा नियम निघतो की येत्या वर्षापासून मुलांची नव्हे, आईबापांची परीक्षा. कथा तिथेच थांबते. शेवटी पाणी आलं असं करता येईल का, असं आम्ही तिला विचारलं. ती म्हणाली, इतक्यात कसं येईल, आईबाप काय करतात ते मला अजून लिहायचंय. कथा तिने लिहिली तशीच छापली आहे, आणि पुढच्या वर्षीच्या अंकात दुसऱ्या भागाला जागा ठेवली आहे.