दप्तरातली साखरेची पुडी



१४ नोव्हेंबरला कोणाचा वाढदिवस असतो? वर्गात विचारलं की छत उडेल एवढ्या जोरात उत्तर येतं, "चाचा नेहरूंचा!" अगदी बरोबर. पण त्याच तारखेला, १८९१ साली, कॅनडामध्ये फ्रेडरिक बँटिंग नावाचं एक बाळ जन्मलं होतं. त्याच्या आठवणीसाठी हा दिवस जगभर मधुमेह दिन म्हणून पाळतात.

बँटिंगची आठवण काढायचं कारण मात्र इथलंच, आपल्या मोताळ्यातलं आहे. माझ्या चौथीच्या वर्गात एका मुलीला मधुमेह आहे. नाव सांगणार नाही, तिला आवडायचं नाही. ती रोज चार वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन घेते, आणि तेही स्वतःच्या हातानं! तुमच्यापैकी किती जण सुईचं नाव काढलं की आईच्या पदराआड पळतात, मला माहीत आहे हं.

"मॅडम, तो तर म्हाताऱ्या माणसांचा आजार ना?" एकानं विचारलंच. आजोबांना असतो तो बहुतेक दुसऱ्या प्रकारचा मधुमेह. लहान मुलांना बहुधा पहिल्या प्रकारचा होतो. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड असतं. तिथल्या काही पेशी इन्सुलिन तयार करतात, आणि रक्तातली साखर त्या इन्सुलिनमुळे शरीराच्या कामी येते. कधी कधी शरीराचे रखवालदारच चुकून या पेशींना शत्रू समजतात आणि त्यांचा नाश करतात. हे गोड खाल्ल्यामुळे होत नाही. त्या मुलीच्या शेजारी बसून, तिच्या डब्यातलं खाऊन तर मुळीच होत नाही.

शंभर वर्षांपूर्वी असा आजार झालेली मुलं फार दिवस जगत नसत. मग १९२१ साली टोरांटो शहरात बँटिंग आणि त्याचा तरुण मदतनीस चार्ल्स बेस्ट यांनी जनावरांच्या स्वादुपिंडातून एक अर्क काढला. पुढे जेम्स कॉलिप यांनी तो शुद्ध केला. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते काही नीट लागू पडलं नाही. २३ तारखेला शुद्ध केलेला अर्क दिला, आणि वाळून काडी झालेला तो पोरगा हळूहळू सावरू लागला!

या गोष्टीतले ससे मला जास्त महत्त्वाचे वाटतात. कॉलिप आपला अर्क आधी सशांवर तपासत. जास्त अर्क टोचला की ससा थरथरायचा, झटके येऊन आडवा व्हायचा. त्याला साखरेचं पाणी टोचलं, की थोड्याच वेळात उठून बसायचा. म्हणजे जे औषध जीव वाचवतं, तेच जास्त झालं तर जीवावर उठतं. आणि त्यावरचा उतारा कोणता? साखर!

असं का होतं? मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम एक चहाचा चमचा. मेंदूला ती सतत लागते, साठवून ठेवणं त्याला जमत नाही. तुमचं-माझं शरीर साखर कमी होऊ लागली की इन्सुलिन आपोआप आवरतं घेतं. टोचलेलं इन्सुलिन मात्र कुणाचं ऐकत नाही. खिचडी शिजायला उशीर झाला, कबड्डीचा डाव रंगला, सोमवारचा उपवास धरला, तरी ते आपलं काम करतच राहतं. १०० मिलिलिटर रक्तात ७० मिलिग्रॅमपेक्षा साखर कमी झाली की सावध व्हायचं. ५४ च्या खाली गेली तर फारच गंभीर.

मग हात कापतात, थंड घाम सुटतो, भूक लागते, छातीत धडधडतं. एवढ्यावर लक्ष गेलं नाही, तर मेंदू गोंधळतो. शहाणी मुलगी एकदम चिडते, रडते, सोपी बेरीज चुकवते, नुसती बघत बसते. "काय झालं गं?" विचारलं तर म्हणते, "काही नाही." ती खोटं बोलत नसते, तिला खरंच कळत नसतं! म्हणून ते शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला कळायला हवं. बाई ओरडतील म्हणून गप्प बसू नका. उठा आणि सांगा.

आता पालकांसाठी चार शब्द. आपल्याकडे अशा वेळी हमखास कुणी तरी आडवं येतं, "तिले शुगर हाय नं बाप्पा, काहून साखर देऊन राह्यले?" बोलणारं माणूस मायेनंच बोलतं, पण तेवढ्या वेळात पोर हातची जाऊ शकते. मूल शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच पाजा. अगदी लहान मुलांना कमी पुरते, ते माप डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पेढा-बर्फी नको, त्यातल्या तूप-दुधामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, कमीच असेल तर पुन्हा तेवढीच साखर द्या. सावरल्यावर पोळी किंवा बिस्किटं. तपासायचं यंत्र जवळ नसेल तर शोधत बसू नका, आधी साखर द्या. इन्सुलिन हे तिचं औषध म्हणून अशा वेळी तेच टोचायचं, हा तर भलताच उपाय. आणि मूल बेशुद्ध असेल, झटके येत असतील, तर तोंडात काहीही घालू नका. पाणीसुद्धा नाही, ते श्वासनलिकेत जातं. कुशीवर झोपवा आणि १०८ ला फोन करा. घरात ग्लुकागॉनचं इंजेक्शन असेल आणि द्यायला शिकवलेलं असेल, तर ते द्या.

गुरुजनांनाही एक विनंती. "बरं वाटत नाही? जा घरी," असं म्हणून अशा मुलाला एकटं पाठवू नका. नळावर पाणी प्यायलासुद्धा नको. परीक्षेत तोंड हलताना दिसलं तर पेपर ओढू नका. सीबीएसईनं २०१७ सालीच मधुमेही मुलांना खाऊ घेऊन परीक्षेला बसायची परवानगी दिली. साखर चघळायला मोठा नियम कशाला हवा, मला तर कळत नाही!

ही मुलं नाजूक आहेत, असं समजून त्यांना खेळातून बाजूला बसवू नका हं. वासिम अक्रमला १९९७ साली मधुमेह असल्याचं कळलं. त्यानंतरही तो इन्सुलिन घेऊन गोलंदाजी करत राहिला आणि २००३ च्या विश्वचषकात त्यानं एकदिवसीय सामन्यांतला पाचशेवा बळी घेतला. आपल्या विदर्भातही अशा मुलांचा मोठा आधार आहे. नागपूरला डॉ. शरद पेंडसे यांनी काढलेल्या 'ड्रीम ट्रस्ट'नं गरीब घरच्या कितीतरी मुलांना इन्सुलिन पुरवलं.

आमच्या वर्गात आता साखरेच्या पुड्या दोन ठिकाणी असतात, एक तिच्या दप्तरात आणि एक माझ्या टेबलाच्या खणात. परवा मुलांनी तिसरी जागा सुचवली. कबड्डीचं मैदान वर्गापासून लांब पडतं, म्हणून शिट्टी ठेवतो त्या डब्यात. तिथे मुंग्या लागतात, म्हणून झाकणाची बाटली कोण आणणार, यावर अजून भांडण चालू आहे.